फक्त ब्राउझर वापरत असाल तर क्रोमबुक पुरतं का?

घरात मेल, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म आणि एखादी शीट एवढंच काम, त्यामुळे भारी लॅपटॉप नकोच होता, म्हणून एंट्री लेव्हलचं क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेतलं आणि खरं सांगू का, ह्या कामाला मस्त आहे, काही सेकंदात चालू होतं, फॅन नसल्यामुळे आवाज शून्य, बॅटरी पण चांगली टिकते.

पण रॅम बघून घ्या हां. ४ जीबीवर आठ-दहा टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र केला की जुने टॅब परत लोड व्हायला लागतात, वैताग येतो नुसता, त्यामुळे ८ जीबीच घ्या, कारण स्वस्त मॉडेलमध्ये रॅम बहुतेक बोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज ईएमएमसी (एसएसडीपेक्षा स्वस्त आणि हळू प्रकार) असलं तरी ब्राउझरला फारसा फरक पडत नाही, विंडोजवाला स्वस्त लॅपटॉप घेणार असाल तर मात्र एसएसडीच पाहिजे. स्क्रीन आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारी) आहे का तेही विचारा, माझी टीएन म्हणजे स्वस्तातली आहे, जरा तिरकं बघितलं की रंग गेले!

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. २०२१ पासूनच्या मॉडेल्सना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतलं मूळ हार्डवेअर) बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, म्हणून डिस्काउंटमधला जुना माल उचलायच्या आधी गूगलच्या साइटवर तारीख चेक करा. विंडोजचे सॉफ्टवेअर लागणार असतील तर ह्या भानगडीत पडूच नका.