वाऱ्यातून घरी फोन: कॉलरच्या वायरलेस माईकबद्दल

आधी निकाल सांगून टाकते. मोकळ्यावर फिरताना घरच्यांशी बोलायचं असेल तर हा माईक घ्या. त्यांना पक्षी ऐकवायचे असतील तर घेऊ नका.

नव्या शहरात आल्यापासून सुट्टीची सकाळ मी बागेत किंवा टेकडीवर काढते आणि जाताना घरच्यांना व्हिडिओ कॉलवर सोबत नेते. पालवी फुटायला लागली की हे फिरणं वाढतं, आणि नेमका तेव्हाच वारा सुटलेला असतो. झाडं घरी छान दिसायची, माझं बोलणं मात्र नुसतं फर्रर्र. आजी मान हलवून फोन आईच्या हातात द्यायची. त्यापायी ही खरेदी. ब्रँडचं नाव देत नाही, कारण या प्रकारातले साधे माईक थोड्याफार फरकानं सारखेच चालतात.

डबीत कॉलरला लावायचा माईक, फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा रिसीव्हर आणि माईकवर चढवायची एक केसाळ टोपी येते. खरी करामत त्या टोपीची आहे. वारा माईकच्या जाळीवर थेट आदळून भोवरे करतो, तीच ती फरफर. केसांमध्ये शिरताना त्याचा वेग मोडतो. बोलण्याचा आवाज मात्र सहज आत जातो. टोपी काढून माईक वापरला तर फोनच्या माईकपेक्षा फार काही बरं ऐकू जात नाही. बाबांनी पहिल्याच कॉलला विचारलं, "कॉलरला उंदीर कसला लटकवलायस?" पण त्या दिवशी आजीनं फोन सोडला नाही. बाकाजवळच्या झाडाखाली उभी करून, "खाली पडलेली फुलं दाखव, पाकळ्या मोज," असं माझ्याकडून सगळं करून घेतलं.

आता त्रासाचं. रिसीव्हर खोचला की काही फोनांना वाटतं इयरफोन लावलाय, आणि स्पीकर गप्प होतो. माझं त्यांना लख्ख, त्यांचं मला शून्य. कॉलमध्ये स्पीकरचं बटण दाबून बघा. ब्लूटूथ इयरफोन घालून हे सोडवायला जाऊ नका. मग फोन बहुतेक वेळा माईकही त्या इयरफोनचाच धरतो आणि कॉलरवरचा उंदीर शोभेला उरतो. शिवाय काही ॲप कॉलमध्ये बाहेरचा माईक घेतच नाहीत. घरातून निघण्याआधी माईकवर नखानं टकटक करून पलीकडे विचारा, आवाज आला का. तेवढ्यात कळतं.

हे माईक बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. अंगातलं पाणी त्या लहरी शोषतं, म्हणून माईक छातीवर आणि फोन मागच्या खिशात असं केलं की आवाज तुटतो. व्हिडिओ कॉलला फोन समोरच असतो, त्यामुळे मला त्याची झळ नाही.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. आईचा कायमचा प्रश्न, "इतकी झाडं, पाखरं कशी नाहीत तिथे?" पाखरं ढीग होती, तिच्यापर्यंत पोचत नव्हती. माईकवरचं नॉइज कॅन्सलेशन आणि कॉलच्या ॲपमधलं त्याचं भावंड, दोघंही माणसाचा आवाज ठेवून बाकीचं कचरा म्हणून छाटतात. चिवचिव त्या कचऱ्यात जाते. माईकवरचं बंद करता येतं, ॲपमधलं प्रत्येक ठिकाणी नाही. ब्लूटूथ इयरफोनवर तर दुहेरी मार: कॉलमध्ये अजूनही बहुतेक इयरफोन सेकंदाला आवाजाचे ८ किंवा १६ हजार नमुने घेतात आणि त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झ. बऱ्याच लहान पक्ष्यांचं गाणं २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतं. ४ वर कात्री लागली तर उरणार काय? माणसाचं बोलणं तेवढ्यात भागतं. जुना घरचा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झवरच चालायचा.

आयफोनवाल्यांना आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, कॉलमध्ये माईकसाठी 'वाइड स्पेक्ट्रम' निवडता येतं. त्यात आजूबाजूचं ऐकू जातं. माझा फोन तो नाही. मी माईक काढून खिशात टाकते, वाऱ्याकडे पाठ करते, फोन अंगाच्या आडोशाला धरते आणि साध्या रेकॉर्डरमध्ये मिनिटभर तोंड बंद ठेवून टिपते. तिथे छाटणी सहसा नसते. मग ती फाइल घरच्या ग्रुपवर. तोंड बंद ठेवणंच सगळ्यात कठीण जातं. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता: कॉल आजीच्या झोपेच्या वेळा सांभाळून करावा लागतो, फाइल ती उठल्यावर ऐकते, पुन्हा लावायला सांगते, आणि "दुसरा पक्षी पहिल्याला उत्तर देतोय" हे मला कळवते.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. क्लिप मात्र ढिली आहे, पातळ ओढणीवर टिकत नाही. आणि घेताना जादा टोपी मिळते का ते बघा, कारण ती घट्ट बसत नाही. माझी एक झुडपात गेली. दुसरीला मी आतून दोरा शिवून क्लिपला बांधलंय.