करिअर कोचची सहा सत्रे: पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात चौदा वर्षे काढल्यानंतर, गेल्या वर्षी मी स्वतःच्या पगारातून पैसे देऊन एका करिअर कोचबरोबर सहा सत्रे केली. माझ्यासारखे पस्तिशी-चाळिशीतले अनेकजण 'कोचकडे जावे का' या प्रश्नावर महिनोन्‌महिने अडून बसतात, कारण या सेवेत नेमके काय मिळते हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मात्र चुकीच्या ठिकाणी झाली. जाहिरात पाहून मी एका संस्थेकडे चौकशी केली. त्यांनी मोफत चाचणी घेतली, अर्ध्या तासात तिचा रंगीत अहवाल पाठवला आणि ६५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६,७०० रुपयांचे पॅकेज पुढे ठेवले. 'ही किंमत आज रात्री बारापर्यंतच आहे' आणि 'सहा महिन्यांत नोकरी बदलून देतो' ही दोन वाक्ये त्या फोनवर मी किमान चार वेळा ऐकली. घाईघाईत ५,००० रुपये भरून जागा राखून ठेवली. दुसऱ्या दिवशी पावतीखालचा बारीक मजकूर वाचला तेव्हा कळले की ती रक्कम परत मिळणार नव्हती आणि नोकरीच्या हमीचा त्यात शब्दही नव्हता. मी पुढचे पैसे भरले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, हे तेव्हा डोक्यातच आले नाही, याची रुखरुख अजून आहे.

या अनुभवानंतर मी थोडा अभ्यास केला. भारतात कोच म्हणून काम करण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे उद्यापासून कोणीही ही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली स्थापन झालेली संस्था मात्र तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे देते. त्यांपैकी पहिल्या पातळीला, एसीसीला, किमान १०० तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीला ५०० तास आणि एमसीसीला २,५०० तास. प्रमाणपत्रामुळे माणूस चांगला ठरत नाही, पण आपल्या आधी किती लोकांबरोबर तो बसला आहे याचा अंदाज येतो. मी ज्या बाईंकडे गेले त्या पीसीसी होत्या, आणि पहिल्या अर्ध्या तासाच्या विनामूल्य भेटीतच त्यांनी स्वच्छ सांगितले की, 'मी तुम्हाला नोकरी मिळवून देणार नाही आणि कोणते क्षेत्र निवडा हेही सांगणार नाही.' ते ऐकून मी खरे तर हिरमुसले, कारण मराठी घरांत करिअर मार्गदर्शन म्हटले की दहावीची कलचाचणीच डोळ्यांसमोर येते: कागद भरा आणि शेवटी सायन्स की कॉमर्स ते कळेल. पुण्यात अशा अभिक्षमता चाचण्यांसाठी ज्ञान प्रबोधिनीसारख्या नावाजलेल्या जागा आहेत, आणि ज्याला 'माझी क्षमता कशात आहे' हाच प्रश्न पडला आहे त्याने प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून ती चाचणी करून घ्यावी, कोचकडे जाऊ नये. तसेच ज्याला केवळ कुठे भरती आहे ही माहिती हवी आहे, त्याच्यासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाचे २०१५ पासूनचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल विनामूल्य आहे. माझा प्रश्न या दोन्हींहून निराळा होता. मला माहिती होती, कामही जमत होते, पण रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना जीव नकोसा व्हायचा आणि त्याचे कारण मला सापडत नव्हते.

सहा सत्रांचे २४,००० रुपये ठरले, तेही दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या सत्रानंतर थांबायचे असल्यास उरलेले पैसे न देण्याची मुभा लेखी मिळाली. सत्रे एकेका तासाची, पंधरा दिवसांच्या अंतराने.

पहिल्या सत्रानंतर त्यांनी एकच काम दिले. दोन आठवडे रोज संध्याकाळी वहीत लिहायचे की दिवसभरात कोणत्या कामाने थकवले आणि कोणत्या कामाच्या वेळी घड्याळाकडे लक्ष गेले नाही. मला ते शाळकरी वाटले, तरी लिहीत गेले. थकव्याच्या रकान्यात रोज तेच येई: ग्राहकाच्या तक्रारीवरचा एट-डी अहवाल (तक्रारीचे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा), ऑडिटची कागदपत्रे, तीच बैठक. एका गुरुवारी मात्र मी लिहिले होते की लाइनवर नव्याने आलेल्या दोन मुलांना व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचे साधन, कसा धरायचा, डोळा कुठे ठेवायचा आणि रेघ कशी वाचायची हे शिकवताना चहाची ट्रॉली येऊन गेली तेही कळले नाही. दुसऱ्या सत्रात मी ही नोंद मोठ्याने वाचली. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'आत्ता वाचताना तुमचा आवाज बदलला. तुमच्या लक्षात आले का?' माझ्या लक्षात आले नव्हते. त्या एका वाक्यासाठीच निम्मी फी वसूल झाली असे मी आजही मानते, कारण चौदा वर्षांत हे मला घरच्यांनी, साहेबांनी किंवा मैत्रिणींनी कोणीही म्हटले नव्हते. त्यांना माझ्याविषयी आस्था होती, पण प्रत्येकाला माझ्या निर्णयातून काही ना काही हवे होते. दादाला वाटे की हातची नोकरी सोडू नये, आणि नवऱ्याला घराच्या हप्त्याची काळजी होती, जी रास्तच होती.

तिसऱ्या आणि पाचव्या सत्रांत याच धाग्यावर काम झाले: शिकवण्याचे काम मला कोणत्या नोकरीत मिळेल, त्यासाठी पगार किती खाली यायला चालेल, कोणाशी बोलायचे आणि कधी. चौथे सत्र वाया गेले असे मला वाटते. आयुष्याच्या आठ भागांचे एक वर्तुळ काढून त्यांना गुण द्यायचे होते. त्यातून नवे काही निघाले नाही, आणि मी तसे सांगितल्यावर बाईंनी ते मान्यही केले.

उणिवा आहेत. त्यांना वाहन उद्योगाची माहिती नव्हती, त्यामुळे पुरवठादार विकास विभाग (कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचे काम सुधारायला मदत करणारा विभाग) म्हणजे काय हे समजावण्यात माझीच वीस मिनिटे गेली. बायोडेटा आणि पगाराची बोलणी यांत त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य झाला. ते काम माझ्या जुन्या साहेबांनी एका रविवारी दोन तास बसून फुकट करून दिले. ज्याला उद्या मुलाखत आहे, किंवा ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे आणि हातात तीन महिन्यांचाच खर्च आहे, त्याने हे पैसे ओळखीच्या क्षेत्रातल्या माणसांना भेटण्यावर घालवलेले बरे. आणि ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, सारखे रडू येते, त्याने आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. हे माझ्या कोचनीही पहिल्याच भेटीत विचारून घेतले होते, आणि तेव्हापासूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी कंपनी सोडली नाही. सहाव्या सत्रानंतर महिन्याभराने वरिष्ठांकडे रीतसर अर्ज दिला आणि त्याच पगारावर पुरवठादार विकास विभागात बदली मागून घेतली. आता आठवड्यातले तीन दिवस भोसरीच्या लहान कारखान्यांत जाऊन तिथल्या कामगारांना मोजमाप आणि तपासणी शिकवते. एट-डी अहवाल अजूनही लिहावे लागतात, फक्त पूर्वीपेक्षा कमी. बाईंनी सातव्या सत्राचा आग्रह धरला नाही आणि मलाही अजून त्याची गरज वाटलेली नाही.