रात्रभर पळणारी गाडी, आणि ती चालवणारे पाच-सहा जण

मोटरमनची नोकरी केलेल्या माणसाच्या हाती आगगाडीचं गाणं दिलं की तो सुरांच्या आधी गाडी ऐकतो. ‘द ट्रेन केप्ट अ-रोलिन’च्या सापडतील तेवढ्या आवृत्त्या मुलाने फोनवर लावून दिल्या. त्या ऐकून माझं मत ठरलंय: एकच ऐकायची असेल तर १९५६ची, अमेरिकन गायक जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाची.

गाणं मुळात त्यांचं नाही. टायनी ब्रॅडशॉने ते १९५१ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्स या कंपनीसाठी केलं. मोठा बँड, मधे रेड प्रायसॉकचा सॅक्सोफोन, सगळं कसं झुलत झुलत. गाडीत एक बाई भेटते, प्रवास होतो, उतरायची वेळ आली तरी तिला सोडवत नाही, एवढीच गोष्ट. छान आहे, पण ही गाडी सुट्टीवर निघालेली वाटते.

बर्नेट, त्याचा भाऊ डॉर्सी आणि पॉल बर्लिसन या मेम्फिसच्या पोरांनी नॅशव्हिलमध्ये तिला धक्का दिला. सॅक्सोफोन काढला आणि त्या जागी एक गिटार बसवली, तीही फाटक्या आवाजाची. बर्लिसन सांगायचा की अँप्लिफायरमधली व्हॉल्व्ह (काचेची नळी) सैल झाली आणि हा आवाज मिळाला. ध्वनिमुद्रणात गिटार त्याची की नॅशव्हिलच्या ग्रेडी मार्टिनची, यावर जाणकार अजून भांडतात. भांडू देत. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: वाजवणारा वरच्या आणि खालच्या तारेवर एकच स्वर ठोकत राहतो, चाल बदलायला तयार नाही. रुळांच्या सांध्यांवरून डबे जाताना असंच होतं. वर जॉनी ओरडतोय, धापा टाकतोय, आणि खाली तो ठोका तसूभर हलत नाही. सव्वादोन मिनिटांत काम तमाम. तेव्हा अमेरिकेत रेकॉर्ड चालली नाही. लोकांना काय हवं होतं कोण जाणे.

यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडने १९६५ मध्ये हीच गाडी पकडली, तीही थेट मेम्फिसला जाऊन, रेकॉर्ड-निर्माता सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत. सुरुवातीला त्यांचा गिटारवादक जेफ बेक गिटारमधून इंजिनाची शिट्टी काढतो, ती मात्र फर्स्ट क्लास. पण गायक कीथ रेल्फचा आवाज एकावर एक असा दोनदा चढवलाय आणि दोन्हीकडे शब्द वेगवेगळे, त्यामुळे गर्दीच्या वेळच्या फलाटावर उभं राहिल्यासारखं होतं. पुढच्या वर्षी अँतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ या सिनेमात त्यांनी हेच गाणं शब्द बदलून वाजवलं. तिथे बेकसोबत दुसरा गिटारवादक जिमी पेजही आहे आणि बेक गिटार फोडतो. मला नाही आवडत असली नासधूस.

त्याच पेजने १९६८ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात नवे तिघे गोळा केले, तेव्हा पहिलं वाजवलं ते हेच. पुढे त्या चौघांचा लेड झेपेलिन हा बँड झाला.

एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडची १९७४ची आवृत्ती मुलाची लाडकी. आधी संथ, मग गर्दीचा आवाज, मग सुसाट. प्रेक्षकांचा तो जल्लोष नंतर चिकटवलेला आहे हे कळल्यावर माझा रस अर्धा गेला. गिटारचे सोलो बाहेरच्या स्टीव्ह हंटर आणि डिक वॅग्नरने वाजवलेत, बँडमधल्या कोणी नाही. वाजवलेत मात्र झकास, नाव ठेवायला जागा नाही. तक्रार एवढीच की गाडी मधेच उभी करून परत नॉच द्यायचा, म्हणजे वेग वाढवायचा, तर प्रवासी वैतागतात.

मोटरहेड या इंग्लिश रॉक बँडची १९७७ची, त्यांच्या पहिल्या अल्बमच्या शेवटी आहे. वेग भरपूर, ब्रेक नाही. हेडफोन न लावता ऐकायची, तीही घरात दुसरं कोणी नसताना.