दोन पुड्यांचा कलप: मेंदी आणि नीळ

पुण्यात मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या एका दुकानातून मी केसांसाठी मेंदी आणि नीळ घेते. दोन्ही चूर्णे तिथे वेगवेगळ्या पाकिटांत मिळतात, आणि हीच मला मालाच्या खरेपणाची पहिली खूण वाटते. मेंदीतला लॉसोन हा घटक केसांतल्या केराटिनला घट्ट धरतो व नारिंगी-तांबडा रंग देतो. काळा रंग देणे एकट्या मेंदीला शक्य नाही. एकाच पाकिटातून काळेभोर केस देऊ करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन मिसळलेले असते, आणि त्याने काहींच्या टाळूला खाज, सूज, प्रसंगी फोडही येतात.

इथली मेंदी सोजतची आहे. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या या गावच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चूर्ण वस्त्रगाळ असल्यामुळे केस धुताना काड्या किंवा रेती हाताला लागत नाही. रात्री भिजवून ठेवले की सकाळी लगद्याचा वरचा थर तपकिरी होतो आणि आतला हिरवाच राहतो.

निळीचे तंत्र अगदी निराळे आहे. कपड्यांना देतात ती ही नीळ नव्हे. ही इंडिगोफेरा टिंक्टोरियाच्या वाळलेल्या पानांची हिरवी पूड. कोमट पाणी मिळताच पानांतल्या इंडिकनपासून इंडॉक्सिल तयार होते आणि हवेशी गाठ पडल्यावर त्याचा निळा रंग बनतो, म्हणून ती कालवून दहा-पंधरा मिनिटांत, मेंदी धुतलेल्या ओलसर केसांवर लावावी लागते. चांगल्या निळीवर तेवढ्या वेळात निळसर साय धरते. या दुकानाच्या निळीवर ती स्पष्ट दिसते. कानशिलावरचे पांढरे केस पहिल्या दिवशी किंचित हिरवट वाटतात, पण दोन दिवसांत गडद, तपकिरी छटेच्या काळ्या रंगावर स्थिरावतात. तोवर शाम्पू लावू नये. या खटाटोपात अर्धा दिवस जातो, तरीही तो रंग इतका नैसर्गिक दिसतो की मला ते श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटतात.

दोन उणिवा मात्र ठळक आहेत. सोबतच्या माहितीपत्रकात दोन्ही चूर्णांत लिंबू पिळायला सांगितले आहे. मेंदीला ते चालते, निळीत ते घालू नये. शिवाय निळीच्या पाकिटावर दळल्याची तारीख नसते, आणि जुनी, दमट झालेली नीळ रंग धरत नाही. म्हणून ती कधी दळली हे विचारल्याशिवाय पाकीट घेऊ नये.