ग्लॉक ४३एक्स : कमरेला लावून आठ महिने

ह्यूस्टनजवळ आमचं छोटं दुकान आहे. रात्री अकराला शटर ओढायचं, गल्ल्यातली रोकड घ्यायची आणि अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत चालत जायचं. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत मी पिस्तुलाचा विषयच काढला नव्हता. एच-वन व्हिसावर असताना बंदूक बाळगणं, मोजके अपवाद सोडले तर, संघीय गुन्हा आहे.

रेंजवर भाड्याने तीन पिस्तुलं चालवून पाहिली. ग्लॉक १९ हातात मस्त बसतं, पण माझ्या किरकोळ अंगावर शर्टाखाली वीट खोचल्यासारखं दिसतं. सिग पी३६५ छान लपतं, पण त्याच्या छोट्या मॅगझिनवर (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) माझी करंगळी अधांतरी राहते. मग ४३एक्स घेतलं : चपटं, ३.४१ इंची नळी, १० गोळ्यांचं मॅगझिन. लपवायची असते ती मूठ, नळी नव्हे, हे घरी आल्यावर कळलं. आणि याची मूठ जवळपास ग्लॉक १९ एवढीच लांब! मित्राच्या घरच्या गणपतीला मोदकांचं ताट उचलायला वाकलो, तर बायकोने मागून गुपचूप माझा झब्बा खाली ओढला.

पिस्तुलाने आजवर एकदाही दगा दिला नाही. दगा दिला होल्स्टरने, म्हणजे पिस्तूल खोचायच्या म्यानाने. स्वस्तातलं मागवलं होतं. पिस्तूल रिकामं करून घरी सराव करत होतो, पिस्तूल ओढलं तर क्लिप सुटून होल्स्टरही सोबत वर आलं. पार्किंगमध्ये हे झालं असतं तर? ४३एक्सला हाताने लावायची सेफ्टी नसते, म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आणि जाड पट्टा यांत काटकसर करू नका. ह्यूस्टनच्या घामात दर पंधरवड्याला पुसणंही आलंच. शर्टाचे धागे कुठे कुठे जाऊन बसतात, विचारू नका.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल सोबत बाळगायला लायसन्सची गरज नाही. तरी मी ४० डॉलर भरून काढलं. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत चालतं, आणि शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी घालणाऱ्या संघीय नियमातून टेक्सासमध्ये सूट मिळते. शिवाय लायसन्सच्या वर्गात बऱ्याच गोष्टी कळल्या. टेक्सासच्या दंडसंहितेच्या कलम ९.४२ खाली काही अटींवर रात्रीच्या चोरीतही जीवघेणं बळ वापरता येतं. पण आमच्या प्रशिक्षकाचं म्हणणं सरळ : गल्ला जाऊ द्या. त्या अटी बसतात की नाही, हे नंतर ज्युरी ठरवणार.

वकिलाकडे मी उशिरा गेलो, ही माझी चूक. फौजदारी वकिलाने दिलेली सूचना पाठ केली आहे : ९११ ला फोन, हल्ला झाल्याचं सांगायचं, जागा आणि साक्षीदार दाखवायचे, पुढचं वकिलासमोर. पण आपल्यासाठी खरा मुद्दा इमिग्रेशनवालीने काढला. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलो, तर ग्रीन कार्ड असूनही हद्दपारी होऊ शकते. आता दोघांचे नंबर पाकिटात असतात. मासिक हप्त्याच्या कायदेशीर संरक्षण योजनांमध्ये जामीन आणि दिवाणी दावा येतो का, ते बारीक अक्षरांत वाचा. मी पाहिलेल्या एकीत जामीन नव्हताच.

दिवाळीत न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे गेलो तेव्हा पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवलं. न्यू जर्सी बाहेरच्या कुठल्याच राज्याचं लायसन्स मानत नाही. विमानतळावर पोचेपर्यंत दोनदा सवयीने कंबर चाचपली.