कंपनीची ट्रायल की डॉक्टरांची?

ओपीडीबाहेरच्या बाकावर क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे रुग्णांवरच्या औषध-चाचणीच्या, संमतीपत्राची पानं उलटताना आधी एक शब्द शोधा: प्रायोजक, म्हणजे ट्रायल चालवण्याची जबाबदारी घेणारा.

तिथे औषध कंपनीचं नाव असेल, तर नवं औषध फुकट मिळतं, तपासण्याही बहुधा मोफत. मोह पडतोच. पण तेच औषध उद्या बाजारात आलं, तर आपल्याला परवडेलच असं नाही.

डॉक्टरांनी स्वतः आखलेल्या ट्रायलचा प्रश्नच वेगळा असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर असा अभ्यास झाला. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या तीन औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध दिलं, फक्त २० मिलिग्रॅम. एरवी दोन आठवड्यांनी २४० देतात! वर्षभर जगण्याचं प्रमाण ४३.४ टक्के, नुसत्या त्या तीन औषधांवर १६.३. इतका छोटा डोस म्हणजे औषधाचा खपही कमी, मग तो तपासण्यात कंपनीला काय रस असणार? म्हणून मला ही वाट जवळची वाटते.

सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक मात्र दोन्हीकडे मागाच. आणि मध्येच नको म्हणालात, तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.