लिनक्ससाठी लॅपटॉप: जुना बिझनेस मॉडेल, लिनक्सवाला नवा, की विंडोजवाल्यावरच लिनक्स टाकायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिल्यांदा लिनक्सवर येत असाल तर ऑफिसमधून दोन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक घ्या. त्यातल्या चिप्सचे ड्रायव्हर तोवर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आलेले असतात, अडलात तर आधी कुणीतरी तिथेच अडलेलं असतं आणि उत्तर सापडतं, शिवाय बऱ्याच मॉडेलचा बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) लिनक्समधूनच एफडब्ल्यूअपडी नावाचं टूल वापरून अपडेट होतो, त्यासाठी विंडोज लागत नाही. बॅटरी मात्र थकलेली असू शकते. यूपॉवर या लिनक्सच्या टूलमध्ये तिची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात, ती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. स्क्रीनही बघा, जुन्या स्वस्त व्हेरियंटमध्ये 1366 बाय 768 चा फिकट पॅनल असतो आणि दिवसभर त्यावर काम करताना डोळे अक्षरशः शिणतात. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का तेही विचारा, थिंकपॅड एक्स1 कार्बनमध्ये ती नंतर वाढवता येत नाही.

याच्याशेजारी सिस्टम76, टक्सेडो, फ्रेमवर्क या कंपन्यांचे नवे लॅपटॉप ठेवून बघा. पहिल्या दोघांकडे लिनक्स टाकूनच मशीन मिळतं, फ्रेमवर्कवर आपण टाकायचं पण उबुंटू आणि फेडोरा या डिस्ट्रोंना (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांना) कंपनीचा पाठिंबा आहे. पैसे जास्त जातात. पण ज्याचं पोट लॅपटॉपवर आहे त्याने हाच मार्ग धरावा, कारण काही अडलं तर "आम्ही फक्त विंडोज बघतो" असं उत्तर मिळत नाही. फ्रेमवर्कमध्ये तर पोर्ट, बॅटरी, अख्खा मेनबोर्डसुद्धा घरी बदलता येतो, मला ही गोष्ट मनापासून आवडते.

तिसरा रस्ता म्हणजे नवाकोरा विंडोजवाला घ्यायचा आणि त्यावर लिनक्स टाकायचं. जमतं, पण प्रोसेसर नुकताच आलेला असेल तर डेबियन 12 सारखं 6.1 कर्नलवर थांबलेलं डिस्ट्रो टाकू नका, तिथे फेडोरा किंवा आर्च बरं. काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसून आयपीयू6 या इंटेलच्या इमेज प्रोसेसरमधून जातो, तो सुरू करताना दम निघतो. स्लीपचंही तसंच, जुना एस3 स्लीप, ज्यात रॅम सोडून जवळपास सगळं बंद व्हायचं, बऱ्याच नव्या मशीनमधून काढून टाकलाय, मग झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कधीकधी गरम होऊन आणि अर्धी बॅटरी संपवून बाहेर येतो. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये स्टोरेजचा मोड इंटेलच्या आरएसटीवर असेल तो साध्या एएचसीआयवर न्यायचा, फक्त विंडोजही ठेवायचं असेल तर आधी त्याची तयारी करून घ्या, नाहीतर ते बूट होत नाही.

ग्राफिक्समध्ये मला फार विचार करावा लागत नाही. कुडा (ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) लागत नसेल तर इंटेल किंवा एएमडी. एनव्हिडियाने 2022 मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) खुले केले खरे, पण बाकीचा ड्रायव्हर बंदच आहे, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसची सोय) चालू असताना मॉड्यूल साइन झालं नसेल तर ते लोडच होत नाही.

आता अॅक्सेसरीज, जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. मी स्वतः एक वायफाय डोंगल घेतला होता, डब्यावर लिनक्सचं चित्र होतं, ड्रायव्हर मात्र बाहेरून कंपाइल करायचा, आणि एका कर्नल अपडेटनंतर नेमकं मीटिंगच्या सकाळी नेट गेलं. तेव्हापासून मी डब्यावरचं वाचत नाही, आतली चिप कोणती ते शोधतो. मीडियाटेकच्या एमटी7612यू किंवा एमटी7921एयू चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. आतलं कार्ड बदलायचं तर इंटेलचं एएक्स200 किंवा एएक्स210 घ्या; एएक्स201 आणि एएक्स211 दिसायला तसेच पण ते एएमडीच्या मशीनमध्ये चालत नाहीत, ही चूक फार जण करतात.

डॉकचंही हेच. यूएसबी-सीचा डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (त्याच पोर्टमधून थेट स्क्रीनचा सिग्नल) वापरणारा डॉक लावला की स्क्रीन दिसते, फक्त लॅपटॉपच्या त्या पोर्टला तो मोड हवा. डिस्प्लेलिंकवाल्याला, जो चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवतो, वेगळा ड्रायव्हर लागतो आणि कर्नल बदलला की तोही पुन्हा बांधावा लागतो. दोन्ही डॉक बाहेरून सारखेच दिसतात म्हणून स्पेसिफिकेशन नीट वाचा. यूव्हीसी हे यूएसबी कॅमेऱ्यांचं मानक पाळणारा वेबकॅम आणि आयपीपी या नेटवर्क छपाईच्या मानकावर ड्रायव्हरशिवाय चालणारा प्रिंटर, यांची चिंता नको.

परत करायची मुदत असतानाच लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करा आणि वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, बाहेरची स्क्रीन सगळं लावून बघा. काही चालत नसेल तर टर्मिनलमध्ये lspci -k ही कमांड चालवून त्या चिपखाली ड्रायव्हरचं नाव येतंय का ते बघा, नाव नसेल तर तिथूनच शोध सुरू. मग बॅटरीचा आकडा लिहून ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त उतरली असेल आणि बायोसमध्ये स्लीपचा दुसरा पर्याय नसेल तर मी तो लॅपटॉप परत करेन.